जुन्या आउटबोर्डचं कॉम्प्रेशन कमी: दुखणं रिंगचं की गॅस्केटचं?

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, आणि कॉम्प्रेशन म्हणजे तिचा पिस्टन सिलिंडरमध्ये हवा दाबतो तो दाब. स्पार्क प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दोरी ओढायची आणि ‘कॉम्प्रेशनच नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, ही पद्धत आधी सोडा. त्या भोकात आट्यांनी घट्ट बसणारं, दाब मोजायचं गेज घ्या. रबरी टोक हाताने दाबून धरायच्या गेजमधून हवा निसटतेच. नळीचं असेल तर दाब परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह सिलिंडरकडच्या टोकाला असायला हवा. तो वर असला तर नळीतली पोकळीही मोजली जाते आणि छोट्या मोटरचा आकडा उगाच घसरतो. ॲडॉप्टर मूळ प्लगपेक्षा लांब नको, पिस्टनवर आपटेल.

सगळे प्लग काढा, वायरी ब्लॉकला अर्थ करा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिथे ठिणगी नको. थ्रॉटल पूर्ण उघडा. न्यूट्रलमध्ये तो पुरता फिरत नसेल तर कार्बोरेटरची पाकळी बोटाने उघडी धरा. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा.

आकडा एकटा पाहून घाबरू नका. कमी दाबावर बेतलेल्या जुन्या मोटरी 60-70 पीएसआयवरही (पीएसआय हे दाबाचं एकक) झकास चालतात. पाहायचा तो सिलिंडरांमधला फरक: 10 ते 15 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. 90 आणि 60 आले तर पुढे वाचा.

आता तेलाची चाचणी. इथे मी स्वतः बराच काळ अडकत असे, कारण ‘चमचाभर तेल ओता, आकडा वाढला तर रिंगा (पिस्टनभोवतीची, हवा अडवणारी कडी) गेल्या’ हा सल्ला उभ्या सिलिंडरच्या, व्हॉल्व्हवाल्या इंजिनांसाठी आहे. आउटबोर्डचा सिलिंडर आडवा असतो. तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगेचा वरचा भाग कोरडाच राहतो. शिवाय तेल जागा अडवतं, म्हणून रिंगा धडधाकट असल्या तरी काटा चढतो. आणि जास्त ओतलंत तर पिस्टन तेलावर अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

म्हणून तेल अगदी थोडं, दोन-तीन मिलिलिटर. प्लग काढलेलेच ठेवून फ्लायव्हील हाताने बऱ्याचदा फिरवा, तेल सगळीकडे पसरू द्या, जादाचं बाहेर उडू द्या. तोंड भोकासमोर नको. मग मोजा. आणि हे कोणी सांगत नाही: चांगल्या सिलिंडरलाही तेवढंच तेल घालून मोजा. दोन्ही सारखेच वाढले तर ती केवळ तेलाने अडवलेली जागा. अशक्त सिलिंडर बराच जास्त चढला तर संशय रिंगांवर. तो ढिम्म राहिला तर गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील), नाहीतर पिस्टनला भोक.

रिंगांचा संशय आला म्हणून लगेच इंजिन खोलू नका. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये रिंगा बऱ्याचदा झिजण्याआधीच कार्बनने खाचेत चिकटतात. कार्बन विरघळवणारं द्रव प्लगच्या भोकातून घालून रात्रभर ठेवा, सकाळी उरलेलं बाहेर काढा, मोटर पाण्यात ठेवून चालवा आणि पुन्हा मोजा. एक्झॉस्टचं झाकण काढलं तर पोर्टमधून (धूर बाहेर जायच्या भोकातून) रिंग दिसते. बोथट लाकडी काडीने दाबल्यावर ती परत उसळली तर मोकळी आहे. मात्र त्या झाकणाचे बोल्ट गंजून ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात, जोर लावलात की तुटलेच.

शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर बहुधा त्यांच्यामधली गॅस्केट फुटली आहे. पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर पाणी आत येतंय. तेव्हा हेड उतरवाच, आणि नवी गॅस्केट घालण्याआधी हेड सपाट आहे का तेही तपासा.