चिंबोरीच्या अंगावरचे बिऱ्हाडकरू कसे ओळखावेत

कोळणीकडून आणलेली चिंबोरी, मालवणाकडची कुर्ली, साफ करतानाच तिच्या अंगाला चिकटून राहणारे जीव पाहता येतात. त्यासाठी पांढरी बशी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, चिमटा आणि लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून केलेले खारे पाणी एवढे पुरते. चिंबोरी जिवंत असल्यास ती आधी बर्फात ठेवून पुरती थंड होऊ द्यावी.

प्रथम पाठ पाहावी. तिच्यावरचे पांढरे, टणक, बसक्या शंकूसारखे उंचवटे म्हणजे बार्नेकल. ते खरवडू नयेत, कारण बूड कवचालाच राहते आणि हाती तुकडे येतात. शिंपल्यासारखा दिसणारा हा प्राणी वस्तुतः चिंबोरीचाच दूरचा आप्त आहे, हे निसर्गाभ्यासक जॉन वॉन थॉम्पसन यांनी १८३० मध्ये त्याच्या अळ्यांवरून दाखवून दिले.

नंतर चिंबोरी उताणी करून पोटाखाली दुमडलेली पट्टी उचलावी. तेथे दाणेदार घोस असेल तर ती अंडी होत. पण गुळगुळीत, सलग पिशवी असेल तर तो सॅक्युलिनासारखा परजीवी समजावा. हाही बार्नेकलच्याच वर्गातला असला तरी त्याला बिऱ्हाडकरू म्हणणे मला पटत नाही. त्याचे मुळांसारखे तंतू यजमानाच्या शरीरभर पसरतात, तिची प्रजननशक्ती संपते आणि नराची अरुंद पट्टीसुद्धा मादीसारखी रुंदावू लागते.

खरी गंमत कल्ल्यांत आहे. पाठीचे कवच मागच्या कडेने उचलले की दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले दिसतात. स्वयंपाकात ते टाकूनच देतात, म्हणून ते अलगद कापून खाऱ्या पाण्यात सोडावेत. गोड पाणी मुळीच वापरू नये. देठावर उभे असलेले, काही मिलिमीटरांचे फिकट ठिपके दिसले, तर ते ऑक्टोलास्मिस, म्हणजे देठाचे बार्नेकल होत. हे कल्ल्यांचे रक्त पीत नाहीत. चिंबोरी श्वासासाठी जे पाणी आत ओढते, त्यातले सूक्ष्म जीव आपल्या केसाळ पायांनी गाळून खातात. मात्र त्यांची गर्दी फार झाली की तिच्या श्वसनाला अडथळा येतो.

कात टाकताना चिंबोरी कल्ल्यांवरचे आवरणही टाकते आणि हे सारे त्याबरोबर जातात. त्यामुळे शोधासाठी मऊ कवचाची चिंबोरी न घेता जुन्या, कडक कवचाची घ्यावी.