पासष्टीनंतरचं अनुदान: कोणता कागद आधी, कोणता शेवटी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिल्हा कोणताही असो, तहसील कार्यालयात संजय गांधी शाखा असतेच. विधवा, दिव्यांग, निराधार आणि वृद्ध अशा सगळ्यांच्या दरमहा अनुदानाचे अर्ज याच शाखेत जातात. म्हणून गावात सरसकट 'संजय गांधीचा पगार' म्हटलं जातं आणि पहिली चूकही तिथेच होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. ६५ पूर्ण झालेल्यांनी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा अर्ज करायचा. चुकीच्या योजनेचा फॉर्म भरला, तर तो बाद झाल्याचं कळायलाच काही महिने जातात.

श्रावणबाळमध्ये महिन्याला १,५०० रुपये मिळतात. घरातलं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर गट 'अ'. यात केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा वाटाही असतो: ७९ वर्षांपर्यंत केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३००, तर ८० नंतर केंद्राचे ५०० आणि राज्याचे १,०००. पासबुकात दोन वेगळ्या नोंदी दिसल्या तर पैसे कापले गेले असं समजू नका. नाव यादीत नसेल तर गट 'ब'. त्यात सगळी रक्कम राज्याची असते आणि अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याची. दोन्ही गटांत हातात येणारी रक्कम सारखीच, त्यामुळे यादीतलं नाव सापडत नाही म्हणून ग्रामपंचायतीत खेटे घालत बसू नका, सरळ 'ब' मधून अर्ज करा. पिवळं रेशनकार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, असंही नाही. यादीचा दाखला ग्रामपंचायतीकडून वेगळा घ्यावा लागतो.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईला ६५ पूर्ण झाले की ते बंद होतात. श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाख होती, इथे ती २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मर्यादा फारच तोकडी आहे आणि तिच्यात न बसणारी खरी गरजू माणसं प्रत्येक गावात आहेत. पण कार्यालयात दाखल्यावरचा आकडाच बघतात.

आता कागद. सगळे उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करतात, आणि आधारमधली चूक दुरुस्त होईपर्यंत त्या दाखल्याची मुदत संपून जाते. क्रम उलटा ठेवा: आधार, बँक, रेशनकार्ड आणि सगळ्यात शेवटी उत्पन्न.

आधारवर जन्मवर्ष, नाव आणि पत्ता या तीन गोष्टी पाहा. जुन्या पिढीच्या आधारवर वय अंदाजाने टाकलेलं असतं. सत्तरीचे बाबा कागदावर एकसष्ट वर्षांचे निघतात. आधारमधली जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी भक्कम पुरावा हातात घ्या आणि मगच आधार केंद्रावर जा. शाळेत गेलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात चांगला. बाबा चौथीतून शाळा सोडून बैलामागे गेले असतील, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरात नाव असतं. मुख्याध्यापकांकडे नाव आणि साधारण वर्ष घेऊन जा. शाळा पाहिलीच नसेल तर योजनेच्या अर्जासाठी वयाचा वैद्यकीय दाखला चालतो, पण तो ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा त्यांच्यापेक्षा वरच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या सहीवर अर्ज परत येतो. आधारवरचं वय आणि दाखल्यावरचं वय जुळत नसेल, तर आधी ते जुळवा.

पत्त्याची अडचण नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा आणि शिरपूरच्या सीमेवरच्या गावांत जास्त. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला गेलेल्यांनी तिकडेच आधार काढलेलं असतं. योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास लागतो, आणि आधारवर गुजरातचा पत्ता असला की पुढचा प्रत्येक माणूस शंका घेतो. आधी पत्ता बदला. जुन्या मतदार यादीतलं नाव, जुनं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, असं जे असेल ते जोडून रहिवासाचा दाखला काढा.

बँकेचा भाग नीट समजून घ्या, कारण मंजूर झालेले पैसे इथेच अडकतात. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यावर येतं. पण खात्याच्या नोंदीत आधार क्रमांक असणं वेगळं आणि तेच खातं थेट लाभासाठी जोडलेलं असणं वेगळं. एका आधारला असं एकच खातं जोडता येतं, आणि शेवटी जे जोडलं त्यात पैसे जातात. गावात कुणीतरी शिबिर घेऊन आजीचं पोस्टाच्या बँकेत खातं उघडलं, अंगठा घेतला, की पैसे तिकडे वळतात आणि घरचे जिल्हा बँकेचं पासबुक भरत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. नको त्या बँकेचं नाव दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा लेखी अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. खातं फार दिवस वापरात नसेल तर केवायसी करून आधी चालू करून घ्या. आणि पासबुकावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. एकीकडे 'सखूबाई' आणि दुसरीकडे 'सखुबाई रामा' असलं तरी अडतं.

रेशनकार्ड एकत्र असेल तर मुलाची कमाईही कुटुंबाच्या उत्पन्नात मोजली जाते. चूल खरोखर वेगळी असेल तर पुरवठा शाखेत अर्ज करून विभक्त रेशनकार्ड काढा. चूल एकच असताना फक्त अनुदानासाठी कार्ड फोडू नका. चौकशीला येणारा माणूस शेजाऱ्याला विचारतो, आणि खोट्या दाखल्यावर घेतलेले पैसे वसूल होतात. विभक्त कार्ड झालं आणि एकट्या वृद्धाला दुसरा आधार नसेल, तर त्याच शाखेत अंत्योदयची मागणीही लेखी द्या. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो.

मग उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा अहवाल, म्हणजे आताच्या नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल, घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर अर्ज करा. सेवा हक्क कायद्याप्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. सातबारा नावावर असेल तर तलाठी जमिनीवरून उत्पन्न धरतो. कोरडवाहू कपाशीची दोन एकर आणि रावेर-यावलकडची पाण्याखालची केळीची दोन एकर यांचा हिशेब वेगळा होतो. जमीन मुलांच्या नावे वाटून दिली असेल तर फेरफाराची नक्कल सोबत ठेवा, नाहीतर जुन्या सातबाऱ्यावरूनच आकडा लिहिला जातो.

विहित नमुन्यातल्या अर्जाला फोटो, आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. सगळ्याच्या दोन प्रती काढा. एक जमा करा आणि दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा क्रमांक नसेल तर पुढे कुणीही काही शोधून देत नाही. छाननी आणि चौकशी झाल्यावर प्रकरण तालुका समितीसमोर जातं. समितीचे सदस्य सचिव तहसीलदार असतात. बैठक लांबली की सगळ्यांचे अर्ज एकदम पडून राहतात, त्यामुळे शाखेत 'माझं काम झालं का' असं न विचारता 'पुढची बैठक कधी आणि आमचं नाव त्या यादीत आहे का' असं विचारा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. बहुतेक कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात.

दाद लागत नसेल तर तहसील पातळीवरचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. एजंटाला मात्र पहिल्या हप्त्यात वाटा कबूल करू नका. सेवा केंद्राचं ठरलेलं शुल्क आणि झेरॉक्स सोडून या कामाला खर्च नाही.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि शाखेने मागितला तर उत्पन्नाचा नवा दाखलाही. दाखला चुकला की हप्ता थांबतो. पैसे काढताना बँक मित्राच्या मशीनवर शेतीत झिजलेला अंगठा उठत नाही, मग तो 'पुन्हा ठेवा' म्हणतो. प्रत्येक ठशानंतर पावती मागा. दोनदा ठसा आणि एकदाच पैसे, हा प्रकार धडगावच्या पाड्यांपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत ऐकायला मिळतो.

दरमहा अनुदानाशिवाय आणखी काही गोष्टी पदरात पाडून घेण्यासारख्या आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा. पैसे आल्यावर ३० दिवसांत वस्तूचं बिल सादर करायचं, म्हणून बिल न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं, आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत. 'वही' ही खानदेशी लोकगीतं गाणारे, शाहीर, कीर्तनकार अशा जुन्या कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत महिन्याला ५,००० रुपये आहेत. वय ५० च्या वर आणि कलेत १५ वर्षं काम हवं. जुनी निमंत्रणपत्रं, फोटो, कात्रणं फेकू नका, पुरावा म्हणून तीच लागतात.

मुलगा कमावता आहे पण बघत नाही, अशा घराला उत्पन्नाच्या अटीमुळे अनुदान मिळत नाही. त्यांचा रस्ता वेगळा आहे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. रावेर-यावलकरांसाठी प्रांत कार्यालय फैजपूरला, शिंदखेड्यासाठी शिरपूरला, साक्रीसाठी धुळ्याला, अक्कलकुव्यासाठी तळोद्याला. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याचा आदेश होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. अर्जात मुलांची नावं, पत्ते, कामधंदा आणि औषधांचा महिन्याचा खर्च लिहा. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा शेत लिहून दिलं असेल तर बक्षीसपत्राची नक्कल जोडा. ती अट कागदावर लिहिलेली असेल तर व्यवहार रद्द करून मागता येतो. लिहून द्यायचं अजून बाकी असेल, तर दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी ते वाक्य दस्तात घालून घ्या. अर्ज कुठे आणि कसा करायचा हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.