हृदयविकार आणि पक्षाघातावरच्या संशोधनासाठी निधी मागताय? या चुका टाळा

मिरज, सांगली, कराड, सातारा या पट्ट्यात मेडिकल कॉलेजं आहेत, पेशंट भरपूर आहेत आणि मनापासून काम करणारे डॉक्टरही आहेत. तरीही इथून गेलेले बरेच प्रस्ताव परत येतात. असे प्रस्ताव पाठवण्याआधी तपासून देण्याचं काम मी करतो. कल्पना वाईट आहे म्हणून प्रस्ताव पडल्याचं मी क्वचितच पाहिलंय. अर्ज वाचून हे काम इथल्या गावांत, इथल्या दवाखान्यांत नेमकं कसं होणार ते निधी देणाऱ्या संस्थेच्या तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि तिथेच घोडं अडतं.

प्रश्न आवाक्याबाहेरचा

‘सातारा जिल्ह्यातील हृदयरोग व पक्षाघाताचा अभ्यास’ या शीर्षकाला कुणी पैसे देणार नाही. त्याऐवजी असं विचारा: पाटण तालुक्यातल्या माणसाच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्याचा सीटी स्कॅन होईपर्यंत वेळ कुठे जातो? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्यातला किती वेळ घरी वाट बघण्यात गेला, किती गाडी मिळवण्यात, किती सीटी नसलेल्या दवाखान्यात? हे मोजता येतं. उत्तर मिळालं की कुणी काय बदलायचं तेही सांगता येतं. मुख्य उद्दिष्ट एकच ठेवा.

‘या विषयावर काम झालेलं नाही’ हे वाक्य

हे वाक्य लिहिण्याआधी दहादा विचार करा. साताऱ्यातून रक्तदाबावर प्रस्ताव जातो आणि त्यात भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा उल्लेखसुद्धा नसतो. हा उपक्रम २०१७-१८ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. तपासणाऱ्याला हे माहीत असतं. पहिल्याच पानावर त्याचा विश्वास उडाला की पुढचं कितीही चांगलं असलं तरी सावरणं कठीण.

फसलेल्या प्रयोगांबाबतही हेच. पक्षाघाताच्या पेशंटला घरच्यांनीच व्यायाम द्यावा ही कल्पना भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर तपासली गेली. ‘अटेंड’ नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पुढे ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत, पक्षाघात पुन्हा होऊ नये म्हणून, ३१ केंद्रांवर मेसेज, व्हिडिओ आणि माहितीपुस्तिका देऊन पाहिलं. फरक पडणार नाही असं दिसल्यावर चाचणी मुदतीआधी थांबवली. तुम्हाला याच वाटेने जायचं असेल तर जरूर जा, पण तुमचं वेगळं काय आणि त्याने निकाल का बदलावा, हे दोन परिच्छेदांत स्पष्ट मांडा.

प्रश्नावली बाहेरून उचललेली

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक पैसे मिळाल्यावरही भोवते. प्रश्नावलीत साधारण दोन प्रश्न असतात: धूम्रपान करता का, तंबाखू खाता का? खटाव किंवा जतमधल्या साठीच्या बाई दोन्हींना ‘नाही’ म्हणतात आणि ते खरंच सांगतात. त्या तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, कधी रात्री झोपतानाही. तव्यावर भाजलेल्या त्या तंबाखूतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच. तुमच्या तक्त्यात मात्र या बाई ‘व्यसन नाही’ या रकान्यात जाऊन बसतात आणि बायकांमधल्या तंबाखूचा सगळा हिशेब चुकतो. ‘मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? किती वर्षांपासून?’ असे प्रश्न स्वतंत्र घाला आणि का घातले ते अर्जात एका ओळीत लिहा. इथली माणसं तुम्हाला माहीत आहेत हे अशाच ओळीतून कळतं. मिठाचंही तसंच. ‘वरून मीठ घेता का’ एवढं पुरत नाही. लोणचं, पापड, खरडा, सुकट यांचंही विचारा.

जत तालुक्यात बरीच घरं कन्नड बोलणारी आहेत. संमतिपत्र आणि प्रश्नावली कन्नडमध्येही लागेल आणि तो खर्च बजेटमध्ये दिसायला हवा.

पेशंट कुठले आणि जिल्हा कुठला

मिरजेची ओळखच दवाखान्यांची. १८९४ साली वॉन्लेस हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून लांबलांबचे पेशंट इथे येतात. अथणी, चिकोडी, सांगोला, सगळीकडून. मग मिरजेच्या एका रुग्णालयातले वर्षभराचे पक्षाघाताचे पेशंट मोजून त्यांना सांगली जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. बाहेरचे पेशंट आत मोजले गेले आणि जिल्ह्यातले पुण्या-कोल्हापूरला गेलेले सुटले. प्रमाण काढायचं असेल तर ठरावीक गावं घेऊन घरोघरी जा. रुग्णालयातच काम करायचं असेल तर प्रमाणाचा दावा सोडा, उपचाराबद्दलचा प्रश्न घ्या.

नमुन्याचा आकडा

समजा रक्तदाबाचं अपेक्षित प्रमाण २५ टक्के धरलं आणि ५ टक्के इकडे-तिकडे चालेल असं ठरवलं. सूत्राने २८८.१२, म्हणजे २८९ माणसं येतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुढच्या पानावर ‘गावांचे समूह निवडू’ असं लिहितात. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून समूहपद्धतीत आकडा वाढवावा लागतो. हा समूहाचा परिणाम (डिझाइन इफेक्ट) २ धरला तर २८८.१२ ची दुप्पट, म्हणजे ५७७. दहा टक्के लोक नकार देतील असं मानलं तर ही दुप्पट (५७६.२४) ०.९ ने भागायची, म्हणजे ६४१. (दहा टक्के मिळवले तर माणसं कमी पडतात.) २८९ वरून ६४१ वर गेलं की बजेट, माणसं, मुदत सगळंच बदलतं, म्हणून संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या बैठकीपासूनच बरोबर घ्या.

पाठपुराव्याचा विचारही याच वेळी करा. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. माणमधले मेंढपाळ वर्षातले काही महिने गावात नसतात. ऊसतोडीला आलेली माणसं हंगाम संपला की परत जातात. ‘सहा महिन्यांनी पुन्हा भेट’ असं नुसतं लिहू नका. कोण, कधी, कुठे भेटणार आणि न भेटल्यास फोन कुणाला करणार ते लिहा.

परवानगी चुकीच्या टेबलावर

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सांगली-मिरज-कुपवाड शहरात काम असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग वेगळा. एकाच साहेबांचं पत्र जोडून तिन्हीकडे काम करू असं लिहिलेले प्रस्ताव मी पाहिलेत. आशाताईंकडून माहिती गोळा करायची असेल तर त्यांचं मानधन बजेटमध्ये धरा. त्यांच्या अंगावर आधीच पुष्कळ काम आहे, फुकटात आणखी लादू नये.

संमती आणि नोंदणी

ज्या पेशंटची वाचाच गेलीय तो सही कशी देणार? पक्षाघातावरच्या प्रस्तावात याचं उत्तर नसेल तर नैतिक समिती तो हमखास परत पाठवते. कायदेशीर प्रतिनिधी कोण, निरक्षर माणसाच्या अंगठ्यावेळी त्रयस्थ साक्षीदार कोण, पेशंट सावरल्यावर त्याची स्वतःची संमती कधी घेणार, हे सगळं लिहा. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. ती चालू आहे ना, आधी पाहा. उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंद करावीच लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद करता येत नाही.

बजेट

संशोधनासाठी म्हणून केलेल्या तपासणीचा खर्च पेशंटवर टाकता येत नाही. नेहमीच्या उपचारातल्या तपासण्या कोणत्या आणि संशोधनासाठीच्या जादा कोणत्या, ते वेगवेगळं दाखवा. पगार निधी देणाऱ्या संस्थेच्या दरानेच धरा. गाडीखर्च मोघम लिहू नका: कराड ते ढेबेवाडी, महिन्यातून किती फेऱ्या, असं लिहा. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर (आधीचे पैसे कसे खर्च झाले त्याच्या दाखल्यावर) अवलंबून असतो, तेव्हा लेखा विभागातल्या माणसाला अर्ज भरतानाच सोबत बसवा. परदेशी पैसा असेल तर संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून ‘स्थानिक संस्थेला वाटा देऊ’ ही योजना तिथे चालत नाही.

अर्ज भरायच्या ऑनलाइन पोर्टलबद्दल इतकंच: संस्थाप्रमुखांची सही आठवडाभर आधी घ्या. शेवटच्या रात्री फाइल अपलोड होत नाही.

प्रस्ताव परत आला तर

शेरे दोन दिवस बाजूला ठेवा, मग एकेक वाचा. डावीकडे शेरा, उजवीकडे आपण काय बदललं, असा तक्ता करा. पटला नाही त्या शेऱ्यापुढे कारण लिहा. ‘व्यवहार्यता दिसत नाही’ हा शेरा असेल तर नुसते शब्द बदलून भागणार नाही. कॉलेजच्या छोट्या निधीतून किंवा आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी योजनेतून एखाद्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत तीसेक घरांत छोटी चाचणी करा. किती जणांनी दार उघडलं, किती जणांनी रक्त द्यायला नकार दिला, एका घरी किती वेळ लागला, हे आकडे पुढच्या अर्जात ‘प्राथमिक काम’ या मथळ्याखाली घाला.