आधी स्लाइड, मग डेक्सा: रक्ताच्या पेशंटमध्ये या चुका टाळा

"डॉक्टर, पोराच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात म्हणं." डेंग्यूचे दिवस आले की सोलापुरात हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. नातेवाइकांना म्हणायचं असतं प्लेटलेट, आणि त्यांचं चुकलं तरी काही बिघडत नाही. पण परवा रात्री एका रेसिडेंटनं फोनवर हेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. विचारलं, "पांढऱ्या की प्लेटलेट?" तर पलीकडून कागद उलटल्याचा आवाज. रिपोर्ट हातात होता. त्यातला मशीननं जाड अक्षरात छापलेला एकच आकडा वाचून झाला होता.

हे लिहितोय ते जनरल वॉर्ड, ग्रामीण रुग्णालय आणि छोटी नर्सिंग होम सांभाळणाऱ्यांसाठी. रक्ताच्या बहुतेक पेशंटना पहिल्या दिवशी हेमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) लागत नाही. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद खालपर्यंत वाचणारा आणि काचेवर पसरलेल्या रक्ताची स्लाइड (स्मिअर) बघणारा कुणीतरी लागतो.

डेक्साची घाई

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

नऊ वर्षांचा मुलगा. वडील अक्कलकोट रोडला यंत्रमागावर. दहा दिवस ताप, प्लेटलेट 41,000, मानेत वाटाण्याएवढ्या दोन-तीन गाठी. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, पण दिवस डेंग्यूचे होते, म्हणून एका ठिकाणी "प्लेटलेट वाढायला" तीन दिवस डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) दिलं गेलं. पहिल्याच दिवशी ताप उतरला, गाठी विरल्या, पोरगं जेवायला लागलं. डॉक्टर देवमाणूस ठरले. तीन आठवड्यांनी बाप त्याला खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला, कारण पाय दुखतात म्हणून पोरगं जमिनीवर पाऊल ठेवत नव्हतं. हिमोग्लोबिन 5, पांढऱ्या पेशी 60,000, आणि स्लाइडवर बघावं तिथे ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पेशी. एएलएल, रक्ताचा कॅन्सर.

मी पहिल्या दिवसाचा रिपोर्ट मागितला. घडी घालून घालून तो चिंध्या झाला होता. लिंफोसाइट 82 टक्के, आणि तळाला बारीक अक्षरात लॅबवाल्यानं लिहिलेलं: वेगळ्या दिसणाऱ्या पेशी आहेत, स्मिअर बघावा. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती.

स्टेरॉइड हे एएलएल आणि लिंफोमाचं (गाठींच्या कॅन्सरचं) औषधच आहे, घोळ होतो तो त्यामुळेच. दोन-चार डोसांत रक्तातले ब्लास्ट नाहीसे होऊ शकतात, गाठ बसते, बायॉप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी येतात. आजार मात्र तिथेच असतो. वर पेशी एकदम फुटल्या की युरिक ॲसिड आणि पोटॅशियम वाढून किडनी बसायची भीती. पुण्याला फोन लावला तर तिथला पहिला प्रश्न ठरलेला: "स्टेरॉइड दिलंय? कधी, किती?" कारण मुलाचा धोका किती, हे ठरवताना तो हिशेब धरावा लागतो.

मीही यातून सुटलेलो नाही. सुरुवातीच्या काळात मानेची गाठ असलेल्या एका म्हाताऱ्याला दम लागतो म्हणून प्रेडनिसोलोन दिलं आणि मग बायॉप्सी घेतली. रिपोर्टमध्ये 'निदान करता येत नाही' एवढंच आलं. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये स्लाइडचा डबा असतो. प्लेटलेट कमी, गाठी किंवा कारण न सापडलेला ताप, यांपैकी काहीही असेल तर केसपेपरवर स्टेरॉइड लिहिण्याआधी जांभळ्या टोपणाची एक ट्यूब आणि दोन स्मिअर. पाच मिनिटांचं काम. बघणारं कुणी नसेल तर मेथॅनॉलमध्ये फिक्स करून ठेवा, उद्या कुणीतरी बघेल. छातीतल्या गाठीनं श्वास कोंडत असेल आणि स्टेरॉइड द्यावंच लागणार असेल, तर द्या. पण ट्यूब आधी भरा.

आयटीपीचं (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार, त्यालाही स्टेरॉइड देतात) काय, असं विचारणारे असतातच. आयटीपीत एकट्या प्लेटलेट कमी असतात. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या ठीक, पाणथरी (प्लीहा) हाताला लागत नाही. पाणथरी लागली तर पेन खाली ठेवा.

माळकरी आजोबा आणि दोन बॅगा

मंगळवेढ्याकडचे सत्तरीतले आजोबा. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षांची वारी. हिमोग्लोबिन 3.8, पांढऱ्या पेशी 2,100, प्लेटलेट 38,000. तिन्ही कमी म्हणजे ब्लड कॅन्सर, असं घरच्यांना सांगून झालेलं. रात्रीत रक्ताच्या दोन बॅगा लागोपाठ चढवल्या, पहाटे आजोबांना दम लागला, तसेच ॲम्ब्युलन्समध्ये घालून आणले. थोरला मुलगा कोपऱ्यात जाऊन मला हळूच म्हणाला, "म्हशी इकाव्या लागतील का ओ?"

जीभ गुळगुळीत, लालभडक. बोटांची पेरं काळवंडलेली. पायाला मुंग्या सहा महिन्यांपासून, त्या वयामुळे असतील म्हणून सोडून दिलेल्या. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 118. स्लाइडवर मोठ्या लांबट तांबड्या पेशी आणि सहा-सहा पाकळ्यांचे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) काही हजारांत. बी-12 ची कमतरता, आणि ती शेवटच्या टोकाला गेलेली.

इथे दोन चुका झाल्या. पहिली, कॅन्सर शब्द स्लाइड न बघता उच्चारला. आपल्याकडे माळकरी, जैन, लिंगायत घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन खाणाऱ्यांत बी-12 कमी असणं ही रोजची गोष्ट आहे. चहात पडणाऱ्या दुधावर भागत नाही. दुसरी, बॅग. महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेलं हिमोग्लोबिन शरीरानं अंगवळणी पाडलेलं असतं. रक्त पातळ असलं तरी शिरा भरलेल्याच असतात. त्यात दोन बॅगा घाईनं ओतल्या की फुप्फुसात पाणी. छातीत दुखत असेल, बसल्या जागी दम असेल, तरच एक बॅग, तीन-चार तासांत, लॅसिक्सच्या आधाराने, आणि पुन्हा तपासून मगच दुसरीचा विचार.

आणि बॅगेच्या आधी नमुना! बी-12, फेरिटिन (लोहाचा साठा), रेटिक (नव्या तांबड्या पेशी), स्मिअर. परक्याचं रक्त मिसळल्यावर कोणाच्या पेशी बघतोय ते कळत नाही. तीच गोष्ट बी-12 च्या लाल इंजेक्शनची. एक इंजेक्शन गेलं की बी-12 चा आकडा फुगतो आणि दोन दिवसांत मॅरोचं (अस्थिमज्जेचं) चित्र पालटतं. बी-12 न देता नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या तर देऊच नका. हिमोग्लोबिन वर येतं आणि पायाच्या नसा बिघडत राहतात.

आजोबांना 1,000 मायक्रोग्रॅम रोज, आठवडाभर, सोबत पोटॅशियमवर नजर. सातव्या दिवशी रेटिक 18 टक्के. आता महिन्याला एक इंजेक्शन. अंडी खा, असं मी सांगितलं नाही. सांगणारे सांगतात, आणि पेशंट परत येत नाहीत.

बाकीचं

प्लेटलेट 12,000 आणि माणूस ओपीडीत हसत बसलाय, अंगावर एक डाग नाही? स्लाइडच्या टोकाला बघा, प्लेटलेटचे पुंजके सापडतील. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे) होतं. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा काढा, आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणा. बॅग मागवू नका.

डेंग्यूत रक्त वाहत नसेल तर आकड्याच्या मागे लागून प्लेटलेट चढवण्यात अर्थ नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा, सलाइनचा हिशेब ठेवा.

साठीपुढची कंबरदुखी, हिमोग्लोबिन 8, ईएसआर शंभराच्या वर, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) चढतंय, आणि आठवड्याला डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शनं. स्लाइडवर तांबड्या पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या. मायलोमा (मॅरोचा कॅन्सर) शोधा आणि ते डायक्लोफेनॅक आजच्या आज बंद करा.

मानेतली गाठ म्हणजे टीबी, हे समीकरण आपल्या हातात इतकं बसलंय की तुकडा न काढताच एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते. सुईच्या तपासणीत लिंफोमा नजरेतून सुटतो. अख्खी गाठ काढून पाठवा.

एमसीव्ही 62, तांबड्या पेशी साठ लाख, आणि तीन वर्षं लोहाच्या गोळ्या चालूच. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट) करा, थॅलेसिमिया मायनर हा आनुवंशिक दोष असेल. बाई गरोदर असेल तर नवऱ्याचीही करा, आणि आजच. पुढच्या व्हिजिटला नको.

हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला आणि स्लाइडवर दाणेदार मोठ्या पेशी: एपीएमएल, ल्युकेमियाचा एक प्रकार. हा तासांचा खेळ आहे. शंका आली की एट्रा या त्यावरच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू करायच्या, जेनेटिक रिपोर्टची वाट बघायची नाही. हा ल्युकेमिया बहुतेकांचा बरा होतो, जातात ते पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावानं.

किमो घेऊन पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आलेल्या पेशंटला आठवड्यानं ताप आला, 101 फॅरनहाइट, की तासाच्या आत ब्लड कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक. "पुण्याच्या डॉक्टरांना विचारून सांगतो" यात अर्धा दिवस जातो. फोन नंतर करा.

रंगाबद्दलही एक. चार-पाच दिवसांआड येणारं, बॅरलमध्ये साठवलेलं पाणी लिशमनला (स्लाइड रंगवायच्या रंगाला) चालत नाही. सगळं निळंभोर दिसतं आणि मग मला फोन येतो की पेशी विचित्र दिसताहेत. 6.8 पीएचचं बफर वापरा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून चार तास फिरलेल्या ट्यूबची स्लाइड बनवू नका. त्या पेशी उकडलेल्या असतात. स्मिअर पेशंटपाशीच काढा.

नाव पेन्सिलीनं लिहा, दुधी काचेवर. बॉलपेन मेथॅनॉलमध्ये धुऊन जातं. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एका पाकिटातून तीन स्लाइड आल्या, तिन्ही बिननावाच्या. त्यातल्या एकीवर ब्लास्ट आहेत. पाठवणाऱ्याला चार फोन झाले, कुणाची ते अजून सापडलेलं नाही.