मॅक्स सेटिंगवर गेम अडखळतो? हार्डवेअर निवडताना या चुका टाळा

‘सगळे गेम मॅक्स सेटिंगवर चालले पाहिजेत’ एवढी एकच अट घेऊन मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानात शिरणारी मुले मी नेहमी पाहतो, आणि त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ या अपुऱ्या अटीतच असते, कारण तिच्यात मॉनिटरचा उल्लेखच नसतो. १०८०पी पडद्यावर प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर सुमारे ३७ लाख आणि ४के पडद्यावर जवळपास ८३ लाख. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर फक्त ६.९. पडद्याचे रिझोल्यूशन आणि अपेक्षित फ्रेमसंख्या ठरल्याशिवाय कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे याला उत्तर नाही. म्हणून मी सल्ला देण्यापूर्वी मॉनिटरचे मॉडेल विचारतो, आणि तो नवा घ्यायचा असेल तर त्याचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढायला लावतो.

याच अपुऱ्या अटीतून पुढची चूक होते. मित्रांना सांगायला बरा वाटतो म्हणून महागडा प्रोसेसर घेतला जातो आणि उरलेल्या पैशांत जे बसेल ते ग्राफिक्स कार्ड येते. ४के आणि मॅक्स सेटिंगवर जवळपास सगळा भार कार्डावर असतो. तिथे मध्यम प्रोसेसर पुरतो, मध्यम कार्ड पुरत नाही. १०८०पीवर २४० हर्ट्झने स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याचे गणित मात्र उलटे असते, आणि रायझन ७ ७८००एक्स३डीसारख्या ९६ एमबी एल३ कॅशेच्या (प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीच्या) प्रोसेसरला खरा अर्थ तिथे येतो. नेमके कोण कमी पडते हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे: व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करून रिझोल्यूशन एक पायरी खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरे आहे. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे पाहावे.

कार्ड निवडताना केवळ नाव पाहून चालत नाही. आरटीएक्स ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आली. मॅक्स टेक्स्चर, प्रकाशाचे खरे वाटणारे परिणाम काढणारे रे ट्रेसिंग आणि मधल्या फ्रेम तयार करणारे फ्रेम जनरेशन एकत्र चालू केले की नव्या जड गेममध्ये ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरून जाऊ शकते, उरलेला डेटा पीसीआय एक्स्प्रेस या मदरबोर्डवरच्या जोडणीमार्गे पीसीच्या तुलनेने संथ रॅममध्ये जातो आणि खेळ मध्येच थबकतो. सरासरी फ्रेमसंख्या तरीही चांगली दिसू शकते, म्हणून मी नेहमी ‘एक टक्का लो’ हा, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा पाहतो. काही गेम थबकत नाहीत, पण गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात. अशा वेळी सगळीच सेटिंग लोवर आणणे हा घाईचा उपाय आहे. आधी फक्त टेक्स्चर एक पायरी उतरवून पाहावे.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, ज्याच्याइतकी उपेक्षा दुसऱ्या कोणत्याही भागाच्या वाट्याला येत नाही. अकोल्याला माझ्या मावसभावाच्या मुलाने हौसेने पीसी जुळवून घेतला, पण जड गेम सुरू केला की काही मिनिटांत पडदा काळा होऊन पीसी रीस्टार्ट व्हायचा. त्याने विंडोज पुन्हा टाकले, ड्रायव्हर बदलले, दुकानदाराच्या सांगण्यावरून रॅम बदलली. शेवटी कार्ड वॉरंटीत पाठवले आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून ते परत आले. मी एसएमपीएसबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, डब्यावर सहाशे वॅट लिहिलंय ना!” तो एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर छापले होते, म्हणजे प्रत्यक्षात २१६ वॅट. कार्ड एकटेच २०० वॅट मागत होते आणि प्रोसेसरचा भार त्याच रांगेवर होता. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी नेमून दिलेल्या मर्यादेच्या बरेच वर जाते, ते वेगळेच. मी कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली आणि तोच गेम संध्याकाळभर न अडखळता चालला. चांगला ६५० वॅटचा एसएमपीएस बसवल्यावर तक्रार कायमची मिटली.

म्हणून केवळ गेममध्ये रीस्टार्ट होत असेल आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसत असेल, तर विंडोज पुन्हा टाकण्याआधी पॉवर लिमिट उतरवण्याची ही चाचणी करावी. ही नोंद फक्त पीसी अचानक बंद पडल्याचे सांगते, कारण सांगत नाही. पण पॉवर लिमिट उतरवून त्रास थांबला तर संशय पक्का धरावा. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. आणि मॉड्यूलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला कधीही जोडू नयेत: एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, आणि चुकीच्या केबलने एसएसडी क्षणात जळू शकते. तयार केबल आहेत म्हणून वेळ वाचवणाऱ्यांना मी हे दरवेळी बजावतो.

उरलेल्या चुका थोडक्यात. १६ जीबीची एकच रॅम लावण्यापेक्षा ८-८च्या दोन लावाव्यात, चार स्लॉट असतील तर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, पण मदरबोर्डचे मॅन्युअल पाहून. मदरबोर्डच्या बायोस सेटिंगमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केले नाही तर डीडीआर४ ३२०० रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडावी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० हर्ट्झच ठेवणारे मला आजही भेटतात. प्रोसेसरच्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी बसवण्याआधी काढावी.

विदर्भात राहणाऱ्यांनी समोर बंद काच असलेले कॅबिनेट घेऊ नये, मग त्यातले दिवे कितीही सुंदर असोत. मे महिन्यात खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या आसपास असते, आणि कॅबिनेटमधले पंखे त्याहून थंड हवा आणू शकत नाहीत. समोर जाळी, पुढून हवा घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढे मला पुरेसे वाटते. जाळीवरची धूळ मात्र महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढावी लागते.