उद्यानविद्या शिकताय? या चुका टाळा

दर जूनला नवी बॅच येते आणि जुलैत जुन्याच चुका करते. त्यातली सगळ्यात महागाची म्हणजे कुंडीच्या लेबलवर मार्करने लिहिणं. त्या मार्करवर 'पर्मनंट' छापलेलं असतं, तेवढंच काय ते टिकतं.

मी हे शेवटच्या वर्षाला शिकले. कॉलेजच्या गच्चीवर वांग्याच्या ४८ कुंड्या, चार प्रकारची मिश्रणं, प्रत्येकाच्या बारा. टाकीची सावली एका बाजूला पडायची म्हणून सगळ्या मुद्दाम सरमिसळ करून मांडलेल्या. मग पाऊस लागला, लोकल बंद, चार दिवस मी डोंबिवलीत अडकलेली. पाचव्या दिवशी गच्चीवर ४८ तरतरीत रोपं आणि ४८ कोरी लेबलं! मॅडमनी एवढंच विचारलं, "यातली कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली, कुठली गं?" ऑगस्टमध्ये पुन्हा बी पेरलं. तेव्हापासून साधी पेन्सिल आणि खरखरीत लेबल. ग्राफाइट पावसात धुपत नाही, उन्हात उडत नाही. शिवाय वहीत कुंड्यांचा नकाशा, पहिल्याच दिवशी. "नंतर काढते" म्हणणारीचा नकाशा मी अजून पाहिलेला नाही.

दुसरं, कोकोपीट. वीट भिजवली, फुगली, लावलं रोप! "मॅम, ऑरगॅनिक आहे." असेल, पण कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. पानांच्या कडा करपतात, पोरांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ती आणखी ओततात. मी तीनदा धुते, निथळलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती उरलेत ते) मोजते, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवते. या धुण्यात बादल्या रिकाम्या होतात. प्रोजेक्टच्या नावात 'शाश्वत' असेल, तर तेही पाणी हिशेबात धरा.

कुंडीच्या तळाला खडी घालू नका. निचरा वाढत नाही, चिखलाचा थर फक्त मुळांच्या जवळ येतो.

पाणी वेळापत्रकाने नको, कुंडी उचलून वजन बघा.

हर्बेरियमचे, म्हणजे दाबून वाळवायच्या वनस्पती-नमुन्यांचे, कागद पावसाळ्यात रोज बदला. बुरशी सबमिशनची तारीख बघून येत नाही.

आणि सोनमोहराला गुलमोहर लिहू नका. पिवळी फुलं सोनमोहराची (पेल्टोफोरम), लालभडक गुलमोहराची (डेलोनिक्स). फुलं नसतील तर मोबाइल खिशात ठेवून झाडाखाली वाका: बोटभर, चपटी, तांबूस शेंग सोनमोहराची, हातभर लांब तलवार गुलमोहराची.