बडोद्यात लोकांच्या जिवाभावाच्या निसर्गजागांचा नकाशा करताय? या चुका टाळा

सकाळी सातला कमाटीबागेच्या दारात उभं राहून फिरायला आलेल्यांना ‘शहरातली तुमची आवडती निसर्गरम्य जागा कोणती?’ असं विचारलं, तर दुसरं काय उत्तर येणार? प्रत्येक उत्तरामागे नकाशावर एक ठिपका टाकून त्यांचा हीटमॅप (जिथे ठिपक्यांची दाटी तिथे गडद रंग दाखवणारा नकाशा) केला की बागेवर लालभडक डाग उमटतो आणि अहवालात ‘सर्वाधिक सांस्कृतिक मूल्य’ असं लिहिलं जातं. खरं तर त्या डागावरून एवढंच कळतं, की तुम्ही कुठे उभे होता.

म्हणून प्रत्येक ठिपक्यासोबत दोन रकाने ठेवाच: मुलाखत कुठे घेतली, आणि माणूस कोणत्या भागात राहतो. दांडिया बाजारातली जुनी मराठी घरं, नदीकाठच्या वस्त्या, शहराच्या कडेला गुरं चारणारे, सगळीकडे जा. मोबाइलचा फॉर्म जिथे चालत नाही तिथे कागदी नकाशा पसरा. आणि प्रत्येक गटाचा नकाशा आधी वेगळा काढा. सरासरीत लहान गट बुडतात. सोशल मीडियावरचे फोटो वापरून काम भागवायचा मोह होतो, पण तिथेही हीच गोची. पावागडचा डोंगर आणि वढवाणा तलावावरचे पक्षी सगळे टाकतात, गल्लीतला वड कोण टाकतं?

आता विश्वामित्री. फक्त ‘आवडती जागा’ विचारलीत तर नदी नकाशावरून जवळपास गायब होईल. तिच्या पात्रात भर शहरात मगरी राहतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या सोसायट्यांपर्यंत आल्या. एकच माणूस तिला हात जोडतो, तिच्या वासाने नाक मुरडतो आणि पाहुण्यांना मगरींच्या गोष्टी रंगवून सांगतो. हे सगळं एका ठिपक्यात कोंबू नका. सौंदर्य, श्रद्धा, आठवण, विरंगुळा, शिकणं यांच्या जोडीला भीती आणि किळस हेही प्रकार ठेवा. ‘मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट’ या जागतिक परिसंस्था-अभ्यासाच्या २००५च्या अहवालातली सांस्कृतिक सेवांची (निसर्गाकडून मिळणाऱ्या सौंदर्य, श्रद्धा, विरंगुळा अशा गोष्टींची) यादी नंतर वर्गीकरणाला कामाची आहे, पण ती लोकांपुढे वाचून दाखवायची नसते. त्यापेक्षा विचारा, “काकू, ही जागा उद्या बुजवली तर तुमचं काय जाईल?” आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत ठिपक्याशेजारी लिहून घ्या. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. नकाशा त्या वाक्यांची अनुक्रमणिका.

एकाच महिन्यात सर्वेक्षण उरकू नका. वडाची आठवण ज्येष्ठात वटपौर्णिमेच्या सुमारास निघते, वढवाण्याच्या पक्ष्यांची हिवाळ्यात, पावागडची नवरात्रात. काळाचं आणखी एक अंग आहे. शहरातल्या सूरसागर तलावात पूर्वी गणपती विसर्जन व्हायचं. आता महापालिकेचे कृत्रिम तलाव असतात. तरी जुनी मंडळी बोट ठेवतात ते सूरसागरावरच. ती चूक समजून खोडू नका, ‘पूर्वी’ असा रकाना करा.

तांत्रिक भानगडी त्या मानाने लवकर सुटतात. सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडले असतील तर अक्षांश आणि रेखांश उलटे भरलेत. बडोदा साधारण २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व आहे. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटमॅप सगळा एकाच रंगाचा आला, तर लेयर (ठिपक्यांचा थर) अंशांत आहे आणि तुम्ही त्रिज्येला (प्रत्येक ठिपक्याचा रंग किती दूर पसरवायचा त्या अंतराला) ५०० मीटर समजून ५०० अंश दिलेत. लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या निर्देशक पद्धतीत (सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) एक्सपोर्ट करा, मग त्रिज्या द्या. तीही एक-दोन वेगवेगळ्या घेऊन बघा, कारण त्रिज्या बदलली की ‘महत्त्वाची जागा’ही सरकते. नदीसाठी ठिपका न मागता रेघ काढू द्या. सयाजीबाग आणि कमाटीबाग ही एकच जागा दोनदा मोजली गेली नाही ना, तेही पाहा. आणि नकाशा महापालिकेच्या हद्दीवर कापू नका. विश्वामित्री उगम पावते ती पावागडच्या डोंगरात.

प्रसिद्ध करताना मगरींच्या अंड्यांच्या जागा, वादातल्या जमिनीवरची छोटी देवस्थानं, कुणाच्या अंगणातलं झाड यांचे नेमके ठिपके टाकू नका. ५०० मीटरच्या चौकटी करून त्यांत बेरीज दाखवा, आणि मूळ फाइल कुणाकडे राहणार हे मुलाखत घेण्याआधीच लोकांना सांगा.